रचनाचा कच्चा पाया

सहावीच्या निकालाच्या दिवशी वर्गशिक्षिका रत्नदीप कासारेला म्हणाल्या, "रचना हुशार आहे हो, पण गणित सगळं आपल्याच पद्धतीने करते. घरी जरा लक्ष द्या."

बाईंनी हे वाक्य त्या सकाळी बऱ्याच पालकांना ऐकवलं असणार, आणि ते सगळे "हो हो, नक्की" म्हणून घरी जाऊन जेवून आडवे झाले असणार. मुलांचं भलं होतं ते अशाच पालकांमुळे. पण रत्नदीप विमा कंपनीच्या ठाण्यातल्या कचेरीत दावे तपासायचा. पुढ्यात आलेल्या कागदात काहीतरी खोट आहेच, या श्रद्धेवर त्याला पगार मिळत होता. त्याला कोणी लक्ष द्या म्हटलं की तो ते देतोच, आणि एकदा दिलं की परत घेत नाही.

आता आपली पद्धत म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पाऊण भागिले तीन असं एक गणित पेपरात होतं. बाईंना हवं होतं की तीनाचा अंश-छेद उलटा करा, मग गुणा, मग संक्षिप्त रूप द्या. रचनाने एक भाकरी काढली, तिचा एक तुकडा खोडला आणि खाली लिहिलं, 'तीन चतकोर उरले, तिघांना एकेक.' उत्तर बरोबर होतं. पायऱ्या नाहीत म्हणून अर्धा गुण कापला गेला. तो कापलेला अर्धा गुण रत्नदीपला घरापर्यंत बोचत राहिला. चतकोराचं त्याला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण ते त्याला फार उशिरा वाटलं.

"या सुट्टीत मी स्वतः शिकवणार हिला," त्याने जाहीर केलं.

"अहो, तिला येतंय की," दर्शना म्हणाली. दर्शना त्याची बायको, आणि घरातलं एकमेव माणूस जे गरजेपुरतंच बोलायचं. त्यामुळे तिचं कोणी ऐकत नसे.

शिकवायचं तर फळा हवा. रत्नदीपने चांगला चार फुटी पांढरा फळा आणला आणि हॉलच्या भिंतीला ड्रिल लावलं. वर्तकनगरच्या जुन्या इमारतींतल्या भिंती शेजारधर्माच्या आहेत, अलीकडचं पलीकडे जातंच. पलीकडे गुणाजीकाकांचं घर. ते एसटीतून निवृत्त झालेले, आणि त्यांना निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ नेमकं त्याच जागी टांगलेलं. ते पडलं. गुणाजीकाकांनी थेट सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन केला.

सेक्रेटरीने विचारलं, "फळा कशाला? क्लास काढताय का घरात? रहिवासी जागेत धंदा चालत नाही, कासारे."

"स्वतःच्या मुलीला शिकवायचंय."

"मग तसं लिहून द्या. विद्यार्थी किती, वेळ काय, फी घेणार की नाही. आणि शेजाऱ्याची ना हरकत."

रत्नदीपने रीतसर अर्ज केला. विद्यार्थिनी एक, फी नाही. तो अर्ज सोसायटीच्या सूचनाफलकावर लागला, आणि फी नाही एवढंच लोकांनी वाचलं. दोन दिवसांत खालच्या मजल्यावरून तीन पोरांची चौकशी आली. त्यांना नाही म्हणताना रत्नदीपचे तिन्ही घरांशी संबंध बिघडले. एकाने तर जिन्यात ऐकवलं की शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे म्हणता आणि स्वतःच्याच पोरीला पाजता.

गुणाजीकाकांनी ना हरकत दिली, पण अटीवर. "पोरीला आधी पावकी-निमकी पाठ करून घ्या. पाऊणकी, सवायकी, दीडकी. आमच्यावेळी मास्तर छडी घेऊन बसायचे. म्हणून आजपण कोणी वाण्याने फसवला नाय मला." आणि काम नीट होतंय ना ते बघायला काका रोज संध्याकाळी सोफ्यावर येऊन बसू लागले. त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, रचनासाठी भिजवलेले बदाम पाठवायला सुरुवात केली. बदामांचा गणिताशी संबंध विमलाबाईंच्या माहेरी सिद्ध झाला होता. बदाम काकाच खात.

असा फळा, परीक्षक आणि बदाम यांच्या साक्षीने पहिला तास सुरू झाला. आणि पहिल्याच तासाला रत्नदीपच्या लक्षात आलं की आपली आणि मुलीची भाषाच एक नाही.

तो मराठी शाळेत शिकलेला, त्याचं गणित लसावि-मसाविचं, अंश-छेदाचं आणि क्षचं. रचना सेमी-इंग्रजीत. बाकी सगळं मराठीत, पण गणित-विज्ञान इंग्रजीत. तिचा लसावि म्हणजे एलसीएम, छेद म्हणजे डिनॉमिनेटर. बाप लसावि काढ म्हणाला की लेक थांबायची, लेक रेसिप्रोकल म्हणाली की बाप थांबायचा, आणि दोघं थांबले की गुणाजीकाका सोफ्यावरून म्हणायचे, "पावकी घ्या, पावकी."

तरीही ते दिवस बरे होते. हे त्याला तेव्हा कळलं नाही, एवढंच. रचना तेव्हा बोलायची. गणित करताना तोंडाने बडबड करत करायची, मध्येच हसायची, मध्येच "थांबा थांबा, चुकलं" म्हणून सगळं पुसून टाकायची आणि पहिल्यापासून करायची. पुसताना तिला काही वाटायचं नाही.

मग सातवीतल्या पूर्णांक संख्या आल्या, आणि रचनाने विचारलं, "पप्पा, मायनस इंटू मायनस प्लस का होतं?"

रत्नदीपने हा नियम तीस वर्षं निष्ठेने पाळला होता. का, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. सोफ्यावर काका बदाम चघळायचे थांबले. माणसाच्या आयुष्यात 'मला माहीत नाही, चल बघूया' असं म्हणायची वेळ क्वचित येते. आली की शेजारी नेमका सोफ्यावर असतो.

"नियम आहे तो," रत्नदीप म्हणाला.

"पण का?"

"आधी पाठ कर. का ते पुढे कळतं."

रचनाचं समाधान झालं नाही. ती फळ्यापाशी गेली आणि एकाखाली एक लिहू लागली. तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. दोन गुणिले उणे दोन, उणे चार. एक गुणिले उणे दोन, उणे दोन. शून्य गुणिले उणे दोन, शून्य. "बघा ना पप्पा, दर वेळी दोनने वर चढतंय. मग खाली मायनस वन आला तर अजून दोनने वर जाणार. म्हणजे प्लस टू. म्हणून असेल का?"

म्हणूनच होतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीने हे आपलं आपण शोधलं याबद्दल एखाद्या बापाने गल्लीत पेढे वाटले असते. रत्नदीपला मात्र ते बरोबर आहे की नाही हेच कळेना, आणि कळत नाही हे काकांना कळू द्यायचं नव्हतं. "पुन्हा तेच," तो म्हणाला. "आपली पद्धत नको. बाई काय म्हणाल्या? नियम लिही, पाच वेळा."

रचनाने फळा पुसला आणि नियम पाच वेळा लिहिला.

त्या रात्री रत्नदीप अस्वस्थ होता. वाईट काही केलं असं त्याला वाटत नव्हतं. आपली तयारी कमी पडते, एवढंच वाटत होतं. टिटवाळ्याच्या महेंद्रने, म्हणजे त्याच्या चुलत भावाने, एका 'प्रज्ञाशिखर क्लासेस'चं ॲप सांगितलं होतं. त्यात म्हणे फुकट पाया चाचणी असते, मुलाची पातळी कळते. रत्नदीपने ठरवलं, आधी आपण देऊन बघावी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने कचेरीत ॲप उघडलं. ॲपने विद्यार्थ्याचं नाव आणि इयत्ता मागितली. वय वर्षे बेचाळीस, इयत्ता नाही, असं काही तिथे भरायची सोय नव्हती. त्याने रचनाचं नाव टाकलं. पालकांचा मोबाइल मागितला, तिथे दर्शनाचा टाकला, कारण असल्या लोकांना आपला नंबर दिला की ते फोन करून जीव खातात, हे रत्नदीपला पक्कं ठाऊक होतं.

चाचणी इंग्रजीत होती. को-प्राइम म्हणजे आपल्या सहमूळ संख्या, हे त्याला वेळ संपल्यावर आठवलं. एका प्रश्नात टाकीला वरून एक नळ पाणी भरत होता आणि खालच्या छिद्रातून गळत होतं, तर टाकी किती वेळात भरेल. आधी छिद्र का बुजवत नाहीत, या विचारात त्याची बरीच मिनिटं गेली. त्यांच्या खात्यात असा दावा आला असता तर त्याने तो निष्काळजीपणाच्या कलमाखाली फेटाळला असता.

वीसपैकी सहा. त्याने ॲप काढून टाकलं, डबा धुतला आणि विषय संपवला.

विषय संपला नव्हता. संध्याकाळी तिघं जेवायला बसली असताना दर्शनाचा फोन वाजला. हात खरकटा होता म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"मी प्रज्ञाशिखरमधून प्रीती बोलतेय. रचना कासारेच्या मम्मी ना? मॅडम, तुमच्या पाल्याचा रिपोर्ट आलाय. टेन्शन घेऊ नका, पण तिचे कन्सेप्ट क्लिअर नाहीयेत. बेसिकच वीक आहे. वीसमध्ये सिक्स. आत्ता पाया नाही सुधारला तर पुढे खूप त्रास होईल मुलीला."

रचनाचा घास हातात राहिला. "मी कुठे टेस्ट दिली?"

आता इथे एक वाक्य पुरलं असतं. 'अगं, ती मी दिली' एवढंच. दर्शना हसली असती, रचना तर लोळली असती, आठवडाभर त्याला घरात 'सिक्स' म्हणून हाक मारली असती आणि मग विसरली असती. रत्नदीपने तोंड उघडलंही. पण भिंतीपलीकडे टीव्हीचा आवाज अचानक कमी झाला. गुणाजीकाका ऐकत होते.

"ते शाळेच्या मार्कांवरून काढतात," रत्नदीप म्हणाला. "एआय असतं ना. आतलं सगळं बघतं ते."

एआय म्हटल्यावर हल्ली कोणत्याच घरात पुढचा प्रश्न विचारला जात नाही. दर्शनाने फोन बंद केला. रचनाने हळूच विचारलं, "आतलं म्हणजे?"

"म्हणजे उत्तर बरोबर येतं, पण पाया... तसा... असतो थोडा."

"पण मला तर येतं असं वाटतं."

"वाटतं गं तसं," रत्नदीप म्हणाला, आणि भाताची मूद मोडली.

पुढचं सगळं ओघाने आलं. बेसिक वीक असलेल्या मुलीला क्लासला घालायचं नाही तर काय करायचं? त्यातून पलीकडच्या विमलाबाईंनी, "असू दे हो, सगळ्यांची डोकी सारखी नसतात," असं जिन्यात दर्शनाचं सांत्वनही केलं. म्हणजे बातमी पोचली होती. बदाम दुप्पट यायला लागले. दर्शना एकदा म्हणाली, "अहो, मला काही पटत नाही हे. पुन्हा एकदा विचारा त्या फोनवरच्या बाईंना." रत्नदीप म्हणाला, विचारतो. विचारायचं काय होतं?

प्रज्ञाशिखरच्या नौपाड्यातल्या क्लासमध्ये रचनाला 'फाउंडेशन क' तुकडीत बसवलं. अ आणि ब मध्ये कोण असतात हे पोरांना सांगावं लागत नाही. तिथे दर रविवारी 'पालक सहभाग' होता, म्हणजे पालकाने मागच्या बाकावर बसून मुलाबरोबर तास करायचा. रत्नदीप जाऊ लागला. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याला मजा येऊ लागली. सर चांगले होते, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी उणे गुणिले उणेचा तास घेतला तेव्हा फळ्यावर एकाखाली एक तेच लिहिलं. तीन, दोन, एक, शून्य, आणि मग उणे एक. "दर ओळीला दोनने वर चढतंय की नाही? मग पुढे काय येईल?"

रत्नदीप मागच्या बाकावर ताठ झाला. त्याने पुढे रचनाच्या पाठीकडे पाहिलं. आता ही हात वर करील, आता सांगेल, सर, हे मी घरी काढलेलं. तिने हात वर केला नाही. ती खाली मान घालून उतरवून घेत होती.

घरी येताना त्याने विचारलं, "अगं, ते तर तू मला दाखवलेलंस. सांगायचं ना सरांना."

"ते माझ्या पद्धतीचं होतं ना," रचना म्हणाली. "मला वाटलं सरांचं वेगळं असेल."

आषाढ पौर्णिमेला भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, वर्षावास, सुरू होतो. त्या दिवशी कॉलनीच्या विहारात वंदना झाली की सगळ्यांना खीर असते. खीर केशरबाईंच्या देखरेखीखाली व्हायची. केशरबाई रत्नदीपच्या आईच्या वयाच्या. अख्ख्या कॉलनीने त्यांच्या हातची खीर खाल्लेली, आणि माणसं वाढली की दूध-तांदूळ किती वाढवायचे हे मात्र त्यांना कधी जमलं नव्हतं. गेली दोन वर्षं ते काम रचनाकडे होतं. ती वाटीने मोजायची, बोटांवर काहीतरी पुटपुटायची आणि सांगायची, आणि खीर बरोब्बर पुरायची. शेवटच्या माणसाला पुरून खरवड उरायची, ती रचनाला मिळायची.

"ये गं माझी हिशेबनीस," केशरबाईंनी हाक मारली. "यंदा वर्तकनगरची सगळी आलीत, पलीकडच्या चाळीतली पण. दीडपट धर. दूध किती घेऊ सांग."

रत्नदीप दारात चपला काढत होता. रचना मोठ्या पातेल्यापाशी उभी राहिली. तिची बोटं हलली. उत्तर तिला आलं होतं, बापाला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि मग ते गेलं.

"आजी, मला गणित येत नाही," ती म्हणाली. रडत वगैरे नव्हती. आपली उंची सांगावी तसं सांगत होती. "माझं बेसिक वीक आहे. तुम्ही पप्पांना विचारा, त्यांना येतं."

केशरबाईंनी पळी खाली ठेवली आणि रत्नदीपकडे पाहिलं. "हे कोणी सांगितलं रे हिला?"

सगळ्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. रत्नदीपने दूध किती ते सांगितलं. घाईत त्याने दूध दीडपट केलं आणि तांदूळ दुप्पट. खिरीचा भात झाला. लोकांनी तो पौर्णिमेचा म्हणून गोड मानून खाल्ला. त्याच्या अब्रूची ती सगळ्यात मोठी वाट लागली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला अब्रूचं काही पडलेलं नव्हतं.

विहारातून आल्या आल्या त्याने रचनाला समोर बसवलं. दर्शनाही आली. त्याने दार उघडंच ठेवलं. काकांना ऐकायचं तर ऐकू दे.

"रचना, ती टेस्ट मी दिलेली. ऑफिसात बसून. तुझं नाव टाकलं, पण सहा मार्क माझे आहेत. एआय वगैरे काही नव्हतं. मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो. तुझा पाया कच्चा नाही, माझा आहे."

दर्शना एकदम उठून स्वयंपाकघरात गेली. तिने पातेलं ओट्यावर आपटलं, ते भिंतीपलीकडेही ऐकू गेलं असणार.

रचना त्याच्याकडे बघत होती. मग तिने मोठ्या माणसासारखा त्याचा हात थोपटला. "पप्पा, असू दे. मला बरं वाटावं म्हणून सांगताय ना?"

"अगं नाही, खरंच."

"तुम्हाला सहा कसे पडतील? क्लासमध्ये सर विचारतात तर तुम्हीच मागून उत्तर देता."

रत्नदीप पेटला. थांब, दाखवतो, म्हणाला. ॲप पुन्हा घेतलं, तीच पाया चाचणी उघडली आणि तिच्या शेजारी बसून सोडवायला लागला. पण दीड महिना तो दर रविवारी मागच्या बाकावर मन लावून बसला होता. को-प्राइम आल्या, त्या त्याला आल्या. टाकी आली, ती छिद्रासकट भरली. सातवीचं गणित त्याच्या डोक्यात असं काही बसलं होतं की बाहेर निघेना. शेवटी त्याने उणे पाच गुणिले उणे तीनला मुद्दाम उणे पंधरा लिहिलं.

"हे तुम्ही मुद्दाम चुकवलंत," रचना लगेच म्हणाली. "प्लस येणार इथे."

रत्नदीपचा जीव भांड्यात पडला. "बघ, बघ, तुला येतं की नाही? का येतं प्लस, सांग बरं. ते दोनने वर चढायचं तू कसं काढलेलंस?"

रचनाने तोंड उघडलं. फळ्याकडे पाहिलं. क्षणभर त्याला वाटलं, ती उठतेय, आता एकाखाली एक लिहायला लागेल, बडबड करेल, चुकेल, पुसेल. ती उठली नाही.

"नियम आहे तो," ती म्हणाली.

वीसपैकी अठरा आले. रचनाने ते वाचलं, आणि बापाचं खोटं सापडल्यावर मुलं हसतात तशी ती प्रेमाने हसली.

"बघा," ती म्हणाली. "तुम्ही नका टेन्शन घेऊ, पप्पा. माझं वीक असलं म्हणून काय झालं. मी पाठ करीन."

आणि ती पाठ करायला बसली.